चुकता न येणारी वाट: बोरामणीचा चक्रव्यूह आणि नंदुरबारचा नर्मदाकाठ

डिसेंबर २०२५ मध्ये सोलापूर जिल्ह्यातील बोरामणीच्या माळरानातून एक बातमी आली. गवतात जमिनीलगत मांडलेल्या लहान दगडांची एक मोठी वर्तुळाकार आकृती अभ्यासकांनी नोंदवली होती. सुमारे ५० फूट रुंद आणि ५० फूट लांब अशी ही रचना असून तिच्यात एकात एक असे १५ वेढे आहेत. वर्तुळाकार चक्रव्यूहांपैकी इतके वेढे असलेला दुसरा नमुना भारतात पूर्वी नोंदला गेलेला नव्हता. पुरातत्त्वज्ञांनी तिचा संबंध सातवाहनकाळाशी आणि कोकणच्या बंदरांकडून दख्खनच्या पठारावर चढणाऱ्या व्यापारी मार्गांशी जोडला. क्रीट बेटावरील नोसॉस नगराच्या प्राचीन नाण्यांवर याच कुळातील आकृती आढळते, हेही तेव्हा सांगितले गेले.

बातमीपाठोपाठ एक समजूतही पसरली. प्राचीन लोक अशा चक्रव्यूहातून चालत ध्यान करीत, मन शांत करीत, असे सांगितले जाऊ लागले. समजूत मोहक आहे. मात्र तिला पुरावा कुठला, हा प्रश्न इतिहासाच्या विद्यार्थ्याने आधी विचारावा लागतो, आणि त्याचे उत्तर सोलापुरात मिळत नाही. ते शोधू गेले तर एक वाट फ्रान्सकडे जाते आणि दुसरी थेट नंदुरबार जिल्ह्याच्या उत्तर टोकाकडे, सातपुड्याच्या कड्यांखालून वाहणाऱ्या नर्मदेकडे.

आधी शब्दांचा घोळ निस्तरणे आवश्यक आहे. लखनौच्या बडा इमामबाड्यातील भुलभुलैया आणि बोरामणीचा चक्रव्यूह या दोन सर्वस्वी भिन्न गोष्टी आहेत. भुलभुलैयात जागोजागी फाटे फुटतात, काही वाटा भिंतीवर जाऊन संपतात आणि चालणाऱ्याला प्रत्येक वळणावर निवड करावी लागते. इंग्रजीत ज्याला ‘लॅबिरिंथ’ म्हणतात त्यात फाटा नसतो. वाट एकच. ती कितीही वळली तरी केंद्रापाशी पोहोचते आणि तीच वाट उलट चालले की माणूस बाहेर येतो. त्यात हरवणे अशक्य असते.

या आकृतीचा सर्वांत जुना आणि सर्वांत साधा प्रकार सात वेढ्यांचा. तो काढण्याची युक्ती कळली की त्याचा जगभरचा प्रसार फारसा गूढ वाटत नाही. मधोमध अधिकचे चिन्ह काढायचे. त्याच्या चारही कोपऱ्यांत एकेक काटकोन आणि त्या काटकोनांच्या बाहेर एकेक ठिपका. मग अधिकच्या चिन्हाचे वरचे टोक शेजारच्या काटकोनाच्या टोकाला कमानीने जोडायचे, त्यानंतर पुढचे टोक पलीकडच्या टोकाला, आणि असे करत सगळी टोके संपवायची. अंगणात काडीने रेघोट्या ओढणाऱ्या मुलालाही हे दोन मिनिटांत जमते. इसवी सनपूर्व १२०० च्या सुमारास ग्रीसमधील पायलॉसच्या राजवाड्यात कोणा कारकुनाने मातीच्या पाटीवर शेळ्यांचा हिशेब लिहिला आणि पाटीच्या मागच्या बाजूला हीच आकृती कोरली. राजवाड्याला आग लागली, पाटी भाजून निघाली आणि म्हणून टिकली. त्या कारकुनाच्या मनात ध्यान होते की कंटाळा, हे ठरवण्याचे साधन नाही. कंटाळ्याची शक्यता अधिक वाटते.

या सात वेढ्यांतून चालण्याचा क्रम मोठा चमत्कारिक असतो. बाहेरून मोजले तर चालणारा प्रथम तिसऱ्या वेढ्यात शिरतो, तेथून दुसऱ्यात आणि मग पहिल्यात येतो. म्हणजे आत शिरल्याबरोबर वाट त्याला बाहेरच्या काठावर नेऊन ठेवते. त्यानंतर चौथा वेढा आणि एकाएकी सातवा, जो केंद्राला अगदी खेटून असतो. केंद्र हाताच्या अंतरावर आले असे वाटते, तोच वाट पुन्हा दूर जाते. सहावा, पाचवा, आणि त्या पाचव्यातून अखेर मध्यभाग. कोठे पोहोचलो याचा अंदाज डोळ्यांना बांधता येत नाही. अंदाज बांधण्याची गरजही नसते, कारण पाय योग्य वाटेवरच असतात. निवड करण्याचे काम संपल्यामुळे चालण्याची गती मंदावते आणि लक्ष पावलांवर येते. लॅबिरिंथमध्ये चालून मन निवते असे जे सांगितले जाते, त्याचे मूळ या रचनेत आहे.

परंतु रचनेत एखादी शक्यता असणे आणि तिचा तसा उपयोग इतिहासात झालेला असणे, यांत अंतर आहे. फ्रान्समधील शार्त्र येथील कॅथेड्रलच्या फरशीत १३व्या शतकाच्या आरंभी बसवलेला लॅबिरिंथ जगात सर्वांत प्रसिद्ध. ११ वेढे, सुमारे १३ मीटर व्यास, आणि वाट सरळ केली तर साधारण २६० मीटर लांब. जेरुसलेमची यात्रा ज्यांना शक्य नव्हती ते भाविक गुडघ्यांवर रांगत हा लॅबिरिंथ पार करीत, अशी कथा पर्यटकांना आवर्जून सांगितली जाते. मध्ययुगातील कागदपत्रांत तिला आधार नाही. ही कथा पुष्कळ नंतरच्या काळात लिहिली गेली. मध्ययुगातून खरोखर जे नोंदलेले मिळते ते ओसेर या गावचे. तेथील चर्चमध्ये ईस्टरच्या दिवशी धर्मगुरू लॅबिरिंथवर हातात हात गुंफून नाचत आणि एकमेकांकडे चेंडू फेकत. १५३८ मध्ये ही प्रथा बंद करण्यात आली. पुढे १८व्या शतकात रॅंस येथील लॅबिरिंथ तर उखडूनच टाकला गेला, आणि त्याचे कारण असे सांगितले जाते की मुले त्यावर खेळताना गोंगाट करीत व प्रार्थनेत व्यत्यय येई.

चालत ध्यान करण्यासाठी लॅबिरिंथ, ही आजची परिचित कल्पना प्रामुख्याने २०व्या शतकाच्या अखेरची आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या ग्रेस कॅथेड्रलमधील धर्मोपदेशिका लॉरेन आर्ट्रेस यांनी १९९१ मध्ये शार्त्रच्या आकृतीची प्रतिकृती कापडावर काढून घेतली आणि त्या वर्षाच्या अखेरीस ती लोकांना चालण्यासाठी खुली केली. तेथून ही प्रथा रुग्णालयांच्या बागांत, विद्यापीठांत आणि निवृत्तांच्या वसाहतींत पसरली. ती नवी आहे म्हणून खोटी ठरत नाही. मात्र तिच्यावर दोन हजार वर्षांचे वय लादणे गैर आहे, मग ते शार्त्रमध्ये असो वा बोरामणीत.

भारतातील पुरावा निराळ्या प्रकारचा आहे. गोव्यात कुशावती नदीच्या काठी उसगाळीमळ येथे जांभ्या दगडावर प्राण्यांच्या आकृत्यांसोबत एक वर्तुळाकार लॅबिरिंथ कोरलेला आहे. नदी त्या कातळाला लागूनच वाहते. कर्नाटकात हळेबीडच्या होयसळेश्वर मंदिरावर १२व्या शतकातील शिल्पकाराने महाभारताचे युद्ध दाखवताना द्रोणाचार्यांचा चक्रव्यूह असाच, एका वाटेच्या लॅबिरिंथसारखा कोरला. यात एक विसंगती आहे आणि ती रंजक आहे. अभिमन्यूला आत शिरणे ठाऊक होते, बाहेर पडणे नव्हते. खऱ्या लॅबिरिंथमध्ये तर बाहेर पडण्यासारखे सोपे काही नाही. शिल्पकाराला हे कळत नव्हते असे मानण्याचे कारण नाही. वेढ्यामागे वेढा असलेली सैन्यरचना दाखवायला याहून बोलकी आकृती त्याच्या हाताशी नव्हती.

तो चक्रव्यूह रचणाऱ्या द्रोणांचा पुत्र अश्वत्थामा. कपाळीची जखम घेऊन तो आजही भटकतो, अशी श्रद्धा देशात अनेक ठिकाणी आहे. त्यांतील एक ठिकाण म्हणजे नर्मदाकाठची शूलपाणीची झाडी. मध्य प्रदेश, महाराष्ट्र आणि गुजरात यांच्या सीमा जेथे एकत्र येतात तेथील हे दाट डोंगराळ अरण्य. त्याचा महाराष्ट्रातील भाग म्हणजे नंदुरबार जिल्ह्याचे अक्राणी आणि अक्कलकुवा हे दोन तालुके. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्याची उत्तर सीमा नर्मदेनेच आखली आहे. महाराष्ट्रातील नर्मदेची लांबी ५४ किलोमीटर, असे स्पर्धा परीक्षांचे विद्यार्थी घोकतात. संपूर्ण नदी १३१२ किलोमीटरांची. त्या हिशेबाने हा तुकडा किरकोळच. परंतु नर्मदेभोवती पायी फिरणाऱ्यांच्या आठवणींत सर्वाधिक जागा याच पट्ट्याने व्यापलेली दिसते.

नर्मदा परिक्रमा ही प्रदक्षिणा आहे आणि प्रदक्षिणा महाराष्ट्राला अतिशय जुनी. भाजे, कार्ले, अजिंठा येथील चैत्यगृहांत स्तूपाभोवती खांबांच्या मागून फिरणारा मार्ग दोन हजार वर्षांपूर्वी मुद्दाम कोरून ठेवला आहे. बौद्ध भिक्षूंच्या दिनचर्येत ‘चंक्रमण’, म्हणजे ठरलेल्या पट्ट्यावर सावकाश येरझारा घालणे, हा ध्यानाचाच भाग मानला जाई. चालणे आणि चित्त स्थिर करणे यांचा संबंध दाखवणारा भक्कम पुरावा हवा असेल तर तो येथे आहे. परिक्रमेने या प्रदक्षिणेचा विस्तार एका अख्ख्या नदीएवढा केला. मत्स्यपुराणात आणि स्कंदपुराणाच्या रेवाखंडात नर्मदेच्या तीर्थांची दीर्घ वर्णने आहेत. २०व्या शतकाच्या आरंभीच्या ब्रिटिश गॅझेटियरकारांनीही नोंदवले, की एका काठाने जाऊन दुसऱ्या काठाने परतणे हे या नदीचे सर्वांत पुण्यप्रद कर्म समजले जाते आणि त्याला एक ते दोन वर्षे लागतात. परंपरेचा हिशेब मोठा आहे: तीन वर्षे, तीन महिने आणि तेरा दिवस, चातुर्मासाच्या मुक्कामांसह.

परिक्रमेचे नियम एकापुढे एक मांडून पाहिले की लॅबिरिंथचे विधान डोळ्यांपुढे येते. नदी सदैव उजव्या हाताला ठेवायची. नदी ओलांडायची नाही. उपनद्या ओलांडल्या तरी चालतात, मुख्य पात्र नाही. जेथून परिक्रमा उचलली तेथेच ती पूर्ण करायची. ओंकारेश्वरहून निघालेला परिक्रमावासी दक्षिण तटाने पश्चिमेकडे चालू लागतो. बडवाणी, मग शूलपाणीची झाडी, नंदुरबारचा काठ, पुढे राजपिपळा आणि अंकलेश्वर, अखेर समुद्र. मुखापाशी नावेत बसून खाडी पार करायची, कारण तेथे नदी संपून सागर सुरू झालेला असतो. मग उत्तर तटाने उलट दिशेला अमरकंटकपर्यंत, उगमाला वळसा, आणि पुन्हा दक्षिण तटाने मूळ जागी. किमान २६०० किलोमीटरांच्या या वाटेत कोठे जायचे हा प्रश्न एकदाही पडत नाही. समोरच्या तटावरचे गाव दिसते, तेथील घंटा ऐकू येते, पण तेथे पोहोचायला अनेक महिने लागतात. सातव्या वेढ्यातून केंद्र दिसते आणि वाट दूर नेते, तसेच हे.

लॅबिरिंथची भिंत म्हणजे गुडघ्याएवढाही नसलेला दगड. कोणीही तो ओलांडून थेट मध्यभागी जाऊ शकतो. परिक्रमेतही पूल आहेत, नावा आहेत, आणि आता तर मोटारी आहेत. वाट टिकते ती न ओलांडण्याच्या संकल्पावर. गो. नी. दांडेकरांनी तरुणपणी ही वाट चालून पाहिली आणि त्यातून पुढे ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’ ही कादंबरी आली. जगन्नाथ कुंटे यांच्या ‘नर्मदे हर हर’ने अलीकडच्या पिढीतील कितीतरी मराठी माणसांना घराबाहेर काढले. भारती ठाकूर यांनी परिक्रमेनंतर नर्मदाकाठच्या मुलांच्या शिक्षणाचे काम हाती घेतले. मराठीत परिक्रमेच्या पुस्तकांचा एक स्वतंत्र कप्पाच तयार झाला आहे, आणि त्यांतील बहुतेकांत शूलपाणीच्या झाडीवर एक प्रकरण असतेच.

त्या प्रकरणाचा विषय असतो लूट. झाडीत शिरलेल्या परिक्रमावासीला तेथील भिल्ल अडवीत आणि धान्य, भांडी, घोंगडी, पैसे, कधी अंगावरचे कपडेही काढून घेत. लंगोटीवर राहिलेला यात्रेकरू पुढच्या पाड्यावर भाकरी मागे, आणि त्याला ती मिळेही. या लुटारूंना परिक्रमावासी ‘मामा’ म्हणत आले आहेत. नर्मदा ही मैया, म्हणून तिच्या काठचे हे तिचे भाऊ. उरलीसुरली आसक्ती मैया आपल्या भावांकरवी काढून घेते, असा त्याचा अर्थ लावला गेला. चालणाऱ्याच्या बाजूने हा अर्थ फार सुंदर आहे. पण तो फक्त चालणाऱ्याचा आहे. अडवणाऱ्याने ते प्रकरण कसे लिहिले असते, हे कोणत्याही पुस्तकात नाही. १८१८ मध्ये खानदेश कंपनी सरकारच्या ताब्यात गेला, १८२५ मध्ये भिल्लांना आवरण्यासाठी भिल्लांचीच पलटण उभारली गेली, आणि १८७८ च्या वनकायद्याने ज्या जंगलावर हे लोक जगत ते सरकारी ठरवले. अशा प्रदेशातून पोटापुरते धान्य बरोबर घेऊन जाणारा परका माणूस उपाशी पाड्याला कसा दिसत असेल, याची कल्पना करणे अवघड नाही.

भिल्ल आणि पावरा यांच्यासाठी हा काठ साधनेची जागा नव्हता. गाळाची जमीन, मासळी, मोहाची झाडे आणि पलीकडच्या तटावरचे सोयरे असे त्याचे रूप होते. परिक्रमावासी जी नदी वर्षानुवर्षे ओलांडत नसे, ती हे लोक लग्नाकार्यासाठी सहज ओलांडीत.

मग वाटच बदलली. नर्मदा जलविवाद लवादाचा निवाडा १९७९ मध्ये आला आणि गुजरातेत केवडियाजवळ सरदार सरोवर धरण उभे राहू लागले. महाराष्ट्रातील ३३ गावे बाधित ठरली, सगळी याच दोन तालुक्यांतील. अक्कलकुवा तालुक्यातील मणिबेली हे पाण्याला सर्वप्रथम सामोरे गेलेले राज्यातील गाव. १९९३ च्या पावसाळ्यात तेथे पाणी शिरले तेव्हा घर न सोडण्याचा निर्धार केलेली माणसे गावातच होती. १९९४ मध्ये जगभरातील संघटनांनी जागतिक बँकेने मोठ्या धरणांना पैसा देणे थांबवावे अशी मागणी केली. त्या जाहीरनाम्याला नाव दिले गेले ते मणिबेलीचे. शूलपाणेश्वराचे जुने मंदिर, ज्याच्या नावाने ही झाडी ओळखली जाते, त्याच दशकात पाण्याखाली गेले. देवाची नवी स्थापना गुजरातेत गोरा येथे झाली. धरणाची उंची १३८.६८ मीटरपर्यंत नेण्यात आली आणि सप्टेंबर २०१९ मध्ये जलाशय प्रथमच पूर्ण भरला. त्याची लांबी २१४ किलोमीटर सांगितली जाते.

येथे परिक्रमेपुढे एक कूट उभे राहिले, जे कोणत्याही पुराणात सोडवलेले नाही. नदी उजव्या हाताला ठेवायची, पण नदी कोणती? जलाशयाचे पाणी प्रत्येक उपनदीच्या आणि ओढ्याच्या खोऱ्यात आत घुसले आहे. पूर्वी जो ओढा चार पावलांत ओलांडला जाई, त्याच्या जागी आता खोल पाण्याचा फाटा असतो, आणि त्याला वळसा घालायचा तर डोंगर चढून उतरावा लागतो. काठाची पायवाट बुडाली. ज्यांना झाडीतूनच जायचे असते ते पायी परिक्रमावासी डोंगरांच्या आतल्या अंगाने धडगाव, मोलगी या बाजूला येतात. इतर अनेक जण आणि मोटारीने परिक्रमा करणारे जवळजवळ सगळे, सातपुड्याच्या दक्षिणेला उतरून शहादा, प्रकाशा या मार्गाने जातात. प्रकाशा हे तापीकाठचे क्षेत्र. म्हणजे नर्मदेच्या परिक्रमेत माणूस काही दिवस दुसऱ्याच नदीच्या खोऱ्यात असतो. नर्मदा उजव्या हातालाच आहे; मात्र मधे सातपुड्याच्या रांगा आहेत आणि पाणी दिसत नाही.

या बदलाची खंत परिक्रमावासींच्या लेखनात वारंवार येते, आणि ती खरी आहे. तरीही दोन हानी एका मापाने मोजता येत नाहीत. चालणाऱ्याची वाट सरकली. काठावरच्या माणसाचे शेत, जंगल आणि गाव गेले. काही कुटुंबे तळोदा आणि शहादा तालुक्यांतील पुनर्वसन वसाहतींत सपाटीवर राहायला आली. काही वरच्या उतारांवर सरकून तेथेच राहिली, आणि पाणी चढले तेव्हा त्यांतल्या कित्येक टेकड्या बेटांसारख्या झाल्या. या वस्त्यांकडे जायला आता पायवाटेपेक्षा पाणीच जवळचे. औषध, धान्य, शिक्षक, बाळंतीण यांची ने-आण बोटीतून होते, आणि आरोग्य विभागाचा तरंगता दवाखाना गावोगावच्या किनाऱ्याला लागतो.

परिक्रमावासीला मात्र या बोटीत बसता येत नाही. त्याच्या नियमात नाव फक्त समुद्रमुखाशी चालते. बुडालेल्या वाटेवरून पाण्याने जेथे तासाभरात पोहोचता येते, तेथे तो दिवसभर डोंगर चढतो आणि उतरतो. एखाद्या वळणावर खाली जलाशय दिसतो, त्यातून दवाखान्याची बोट जाताना दिसते, आणि काठावर तिची वाट पाहत बसलेली माणसे दिसतात. तो वरूनच ‘नर्मदे हर’ म्हणतो आणि पाणी उजव्या हाताला ठेवून पुढे निघतो.